अंधार मागणारा वायरमन

शरणाप्पा वायरमन आमच्या घरी येतात तेव्हा आधी चप्पल काढतात, मग दाराजवळचं बटण दाबून दिवा घालवतात आणि मग अंधारातून विचारतात, "बाई, हायत का घरात?"

मी घरातच असते. बहुतेक वेळा चाचणीचे पेपर तपासत असते आणि दिवा जातो त्या क्षणी माझं लाल पेन कुणाच्या तरी बरोबर उत्तरावरून आडवं गेलेलं असतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा वीज गेली असं समजून मी मेणबत्ती शोधायला उठले. "मेणबत्ती कशाला? भायेर या. शुक्र मावळायलाय, दोन मिन्टं उरलेत," असा अंगणातून हुकूम आला. मी चिडूनच बाहेर गेले, त्यांच्या बोटाच्या रोखानं बघितलं, "छान आहे" म्हणाले आणि आत येऊन दिवा लावला. तेवढ्या भांडवलावर आप्पांनी गावभर सांगितलं, की शाळेच्या बाईंना तारांगणाची लई गोडी आहे. बाकी कुणी "छान आहे" एवढंसुद्धा म्हणालं नव्हतं.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांमध्ये वीज आली ती आप्पांच्या हातानं. एकतीस वर्षं त्यांनी वायरमनकी केली. लग्नाच्या मांडवात वीज गेली तरी आप्पा, कुणाची मोटार पाणी ओढेना तरी आप्पा. असा माणूस निवृत्त झाला आणि दिव्यांच्या मुळावर उठला. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बाई, एकतीस वरसं खांबावर चढलो, पर एक डाव बी मान वर केली न्हाय. वर बघितलं की पाय घसरतोय. रिटायर झालो त्या राती घराच्या माळवदावर पडलो, कुणाचा फोन न्हाय, काय न्हाय. डोळे उघडले आन् बघतो तर ही एवढी मोठी लाईन वर कवाची चालू! आन् फॉल्ट एक न्हाय!"

आकाशाला ते "वरली लाईन" म्हणतात. शुक्र म्हणजे हजार वॅट. कृत्तिका म्हणजे झिरोच्या बल्बांची माळ. लुकलुकणाऱ्या ताऱ्याचं अर्थिंग बिघडलेलं असतं आणि चंद्र हा त्यांचा उघड शत्रू, कारण त्याच्यामुळे बाकीचं काही दिसत नाही. खांबावर चढण्याआधी लाईन बंद आहे याची खात्री सबस्टेशनकडून घ्यावी लागते, तिला त्यांच्या धंद्यात परमिट म्हणतात. आप्पा सगळ्या आयुष्याला परमिट लावतात. जेवायला बसायचं तर "परमिट हाय का?" असं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात. मी शाळेतून रजा घेतली तर मुख्याध्यापकांनी परमिट दिलं का, ही चौकशी होते.

दुर्बीण त्यांनी स्वतः बनवली. पुण्याहून आरसा मागवला, पाण्याच्या जाड पाइपात बसवला आणि खांबाच्या जुन्या लोखंडी पट्ट्यांचा स्टँड केला. ती डोक्यावर घेऊन निघाले की लोक विचारतात, "आप्पा, बोअर कुठं मारायलाव?" आप्पा रागावत नाहीत. "वर मारायलोय. पाणी लागलं तर सांगतो," म्हणतात.

त्यांची हौस एवढीच, की गावानं एक संध्याकाळ माळावर यावं. शिकलेल्यांनी नव्हे, ज्यांना सप्तर्षी आणि शनी यातला फरक कळत नाही त्यांनीच यावं. माळ आमचा नामी आहे. झाड नाही, झुडूप नाही, उघडाबोडका खडक आणि त्याला लागूनच आप्पांचं दीड एकर रान. पण तारे बघायचे तर अमावास्या पाहिजे आणि अमावास्येला आमच्या गावातला माणूस नवीन चप्पलसुद्धा विकत घेत नाही, तर माळावर कुठला येतोय? पहिल्या खेपेला मी, माझा नवरा आणि एक कुत्रं एवढेच आलो. त्यातला नवरा मी ओढून आणला होता.

मग लोकांनीच तोडगा काढला, की आप्पा, कोजागिरीला करा. आप्पांनी कपाळाला हात लावला, पण केलं. गाव लोटलं. मसाल्याचं दूध झालं, भेंड्या झाल्या आणि डोक्यावर चंद्र असा तळपत होता की तारा औषधालासुद्धा नव्हता. आप्पा दुर्बिणीजवळ एकटेच उभे. शेवटी एकानं दूध पितापिता विचारलं, "आप्पा, ह्यो पाइप कशाला आणलाय?"

त्या रात्री मी त्यांना चांगलंच टोचलं. म्हणाले, "आप्पा, अख्ख्या गावाचे दिवे घालवत हिंडता, पण तुमच्या ओसरीवरचा दिवा मी कधी विझलेला बघितला नाही. काकूंना घाबरता वाटतं?" एरवी आप्पांनी परमिटावरून काहीतरी कोटी केली असती. ते नुसतंच म्हणाले, "तिचा दिवा न्हाय घालवायचा, बाई." आणि दुर्बीण खांद्यावर टाकून निघून गेले.

कारण मला कळलं ते मार्गशीर्षात. महादेवीकाकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, येळवशीच्या सणाच्या भज्जीसाठी वाटाणे सोलत होत्या आणि मी मदतीच्या नावाखाली निम्मे खात होते. मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही एकदाही तारे बघायला का येत नाही?" त्या म्हणाल्या, "मला आंधार सोसत न्हाय, माय. तुमची लाईट गेली की तुमी पंखा न्हाय म्हणून वैतागताव. माझी लाईट गेली की माझा माणूस खांबावर चढायचा. दिवा लागला, की समजायचं, आला खाली. एकतीस वरसं तेच. आता रिटायर झालेत ते कळतंय मला, पर जीवाला कळत न्हाय." आणि पुढचं सूप ओढून घेतलं.

मग मी आप्पांना सरळच विचारलं. ते ओशाळले. म्हणाले, "गाव तर बघंलच, बाई. पर मला तिला दावायचंय. आंधार म्हंजे नुसती भीती न्हाय, हे तिला एक डाव दिसलं पायजे. पर जबरदस्ती न्हाय करायची. जबरदस्तीचा आंधार तिनं लई भोगलाय. हे सगळ्यांनी मिळून, आपल्या हातानं दिवे घालवले पायजेत." मग म्हणाले, "येळवशीला शेवटचं बघतो. न्हाय जमलं, तर दुर्बीण तुमच्या शाळेला. माझ्याच्यानं पुन्ना व्हायचं न्हाय."

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील, खीर, धपाटे असं दिवसभर खात राहायचं. वर्षातली ही एकच अमावास्या, की जिला आमचा माणूस हसतमुखानं शिवारात जातो. हे आधी आप्पांच्या किंवा माझ्या कसं लक्षात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मी दरवर्षी रजा टाकून जात होते आणि दरवर्षी अंधार पडायच्या आत सगळ्यांबरोबर परत येत होते.

अडचण एकच होती. सरपंच माणिकरावांनी माळाच्या तोंडाशीच हायमास्टचा उंच दिवा उभा केला होता. त्याच्या उजेडात माळावर मुंगी चाललेली दिसे. आप्पा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी सोबत होते. माणिकराव म्हणाले, "आप्पा, ह्या दिव्यापायी मी चार वरसं चपला झिजवल्या. आन् तुमी म्हणताव घालवा? येळवशीला गाव रिकामं, त्यात दिवा बंद. चोराला आवतणच की ते." बोलणं खोटं नव्हतं. आप्पा म्हणाले, "बरं." परतताना मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही तर जाणकार. त्या दिवशी हळूच फ्यूज काढला तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखं वाटलं.

येळवशीला सकाळी दहा वाजता आप्पांनी पांढरं धोतर नेसलं आणि ते दुसऱ्यांच्या शेतात शिरले.

इथं आमचा रिवाज सांगितला पाहिजे. येळवशीला कुणाच्याही रानात पाऊल टाकलं की जेवल्याशिवाय सुटका नाही. नको म्हणायची सोय नाही. आणि ज्याच्या कोपीवर आपण जेवलो, त्याला आपल्या कोपीवर बोलवायचं आणि त्यानंही यायचंच, निदान आंबिलीचा घोट घ्यायला तरी. न येणं म्हणजे अपमान. आप्पांनी हा रिवाज हत्यारासारखा वापरला. एका रानात बसायचे, भज्जी-उंडा खायचे, हात धुवायचे आणि म्हणायचे, "लई झ्याक. आता आमच्या कोपीवर यायचं. पर सांजंला, दिवेलागणीनंतर. आन् घरचा दिवा चालू ऱ्हायला असंल तर घालवून या." समोरच्याला नाही म्हणता येत नसे. मग पुढचं रान.

दुपारी मी त्यांना बांधावर गाठलं. चेहरा घामेजलेला, एक हात पोटावर. मी म्हणाले, "आप्पा, बस करा. या वयात एवढं पचायचं नाही." ते म्हणाले, "किती झाली?" मी म्हणाले, "मी काय मोजते? पण उत्तरेकडची सगळी शिवारं उरकली तुम्ही." ते म्हणाले, "लोड लई झालाय, बाई, पर दक्षिणेची लाईन ऱ्हायलीय." आणि गेले. माणिकरावांच्या कोपीवर ते मुद्दाम दोनदा जेवले. दुसऱ्यांदा ताट समोर आलं तेव्हा माणिकरावांच्या बायकोचा आनंद मावेना आणि माणिकरावांच्या लक्षात आलं, की आपण सापडलो.

इकडे आप्पांच्या कोपीवर काकूंचा पारा चढलेला. "सगळ्या गावाला आवतण देऊन बसलेत! भज्जी काय आभाळातनं पडणार हाय?" म्हणत त्यांनी दुसरं पातेलं चढवलं. मी, शेजारच्या दोघी-तिघी, सगळ्या उंडे वळायला बसलो. पण दिवस कलायला लागला तशा काकू गप्प होत गेल्या. दरवर्षी पहिल्या ट्रॅक्टरनं त्या घरी जात. यंदाही ट्रॅक्टर बांधाला लागला, त्यांनी डबे आवरले आणि चढून बसल्यासुद्धा. आप्पा कोपीच्या दारात उभे होते. त्यांनी अडवलं नाही. "जा तू. वाढायचं म्या बघतो," एवढंच म्हणाले.

ट्रॅक्टर सुरू झाला. मला रडूच यायला लागलं, खरं सांगते. एवढं पोट फुटेस्तोवर जेवून ज्या माणसासाठी सगळं केलं, तेच माणूस चाललं होतं. तेवढ्यात काकू ओरडल्या, "थांबीव रे!" आणि पदर सावरत खाली उतरल्या. "पाव्हणं यायचे आन् घरची बाई न्हाय, बरं दिसंल का? आन् ह्यांला वाढाया येतंय व्हय? एकाच्या ताटात चार उंडे घालतील आन् दुसरा उपाशी." असं म्हणून त्या तडक चुलीकडे गेल्या. आप्पांनी डोकं खाजवलं. मी दुसरीकडे तोंड करून नाक पुसलं.

सात वाजता गाव यायला लागलं. बैलगाड्या, मोटरसायकली, पायी. ज्यांनी ज्यांनी आप्पांना जेवू घातलं होतं ते सगळे. माळ भरला. आंबिलीचे पेले फिरले. आणि समोर हायमास्ट ढणढणत होता. लोक वर बघत, डोळे चोळत आणि गप्पांना लागत. कोजागिरीच होणार, अशी माझी खात्री झाली. पहिला मान म्हणून आप्पांनी माणिकरावांना दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं.

माणिकराव वाकले. डोळा बारीक केला, मोठा केला, मग कपाळावर हात आडवा धरला आणि वैतागून म्हणाले, "कोण हाय रे तिकडून बॅटरी मारायलंय?"

"बॅटरी न्हाय, सरपंच," आप्पा नम्रपणे म्हणाले. "तुमचाच दिवा हाय."

सगळा माळ हसला. माणिकराव सरळ झाले आणि आपल्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिले. आप्पांच्या पोटात त्यांची दोन ताटं होती, त्यांच्या हातात आप्पांची आंबील होती. त्यांनी फोन काढला. "हां, मीच बोलायलोय. हायमास्ट घालीव. व्हय, घालीव म्हणलो की! आन् तू काठी घेऊन पारावर बस, कुणी आलं तर मला फोन कर."

दिवा गेला.

कोपीच्या दारात काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. पहिली काही मिनिटं कुणाला काहीच दिसत नव्हतं, लोक एकमेकांच्या पायावर पाय देत होते. मग कुणीतरी "अगाबाबा" म्हणालं आणि हळूहळू सगळा माळ गप्प झाला. आभाळ एवढं खाली आलं होतं की उंच माणसानं जपून चालावं. घरं काळी, रस्ता काळा, लोहाऱ्याच्या बाजूला फिकट उजेड तेवढा. मी पाचवीला आकाशगंगा दरवर्षी शिकवते. ती त्या रात्री मला पहिल्यांदा दिसली, हे सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मग आप्पांचं राज्य सुरू झालं. रांग लागली. शुक्र बघून झाला, गुरूचे चार चंद्र बघून झाले. शनीपाशी रांग अडली. अमावास्येला शनीच्या डोळ्याला डोळा कोण देणार? एक म्हातारी मागे सरत म्हणाली, "नगं बाबा. माझी साडेसाती चालूय." आप्पा म्हणाले, "मग तर वळखीचाच हाय की तुमच्या. या." म्हातारीनं भीत भीत डोळा लावला आणि तिथून हलेचना. "अगं, ह्याच्या तर कमरेला करदोडा हाय! एवढं गोजिरं लेकरू मला काय त्रास देतंय?" असं ती सगळ्यांना सांगत सुटली आणि शनीची रांग दुप्पट झाली. माणिकराव तीनदा रांगेत उभे राहिले. तिसऱ्यांदा जाहीर केलं, की दर अमावास्येला हायमास्ट तासभर बंद राहील आणि ही कल्पना मुळात त्यांचीच आहे. आप्पा म्हणाले, "तुमचीच हाय, सरपंच." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, तर लोकांनीच वाजवल्या.

गर्दी थोडी पांगली तेव्हा आप्पा कोपीकडे आले. काकू अजून माझं मनगट धरून बसल्या होत्या.

"महादेवी, एक डाव बघ. म्या हाय की हितं," ते म्हणाले. परमिट वगैरे काही नाही.

काकू उठल्या. माझा हात सुटला. पण त्या दुर्बिणीकडे गेल्या नाहीत, कोपीपुढेच मोकळ्यात उभ्या राहिल्या. आप्पांना वाटलं, आधी साध्या डोळ्यांनी शिकवावं. त्यांनी पूर्वेला बोट केलं. "हे बघ, हे तीन तारे वळीनं हायत का, ह्यास्नी..."

"तिकांडं," काकू म्हणाल्या.

आप्पांचं बोट तसंच राहिलं. "तुला कसं ठावं?"

"ह्या दिसांत ते सांजंला तितं असतंय. मग आपल्या घरावर येतंय. तवर तुमी येत हुताव बहुतेक. न्हाय आलाव, की ते तिकडं सरकायचं आन् म्या दोनदा वाटंवर जाऊन यायची." काकूंनी हात हळूहळू डोक्यावरून नेला. "आन् त्याच्या खाली ती मोठी चांदणी. ती निघाली की वाटायचं, सोबत झाली. लाईट गेली की घरात बसवत नव्हतं मला. आंगणात यायची आन् ह्या चांदण्यांकडं बघत बसायची. दुसरं काय करणार?"

"मग कवा बोलली न्हाईस?"

"तुमी दमून येत हुताव. आन् इचारलं कवा?"

मग अगदी हळू आप्पांनी विचारलं, "भीमरावला लाईटीनं धरलं, त्या राती कुठवर गेलं हुतं ते?" भीमराव त्यांचा जोडीदार. त्या रात्री खांबावर दोघंही होते आणि गावात निरोप फक्त एवढाच आला होता, की वायरमन गेला. कुठला, ते उजाडेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

काकू मावळतीकडे वळल्या. हात खाली, आणखी खाली नेला, पार जमिनीला टेकेल एवढा.

"हितं," त्या म्हणाल्या.

आप्पा त्या जागेकडे बघत राहिले. तिथं आता नुसता काळा माळ होता. मग ते काकूंच्या पायाशी जमिनीवरच बसले, आणि काकूही त्यांच्या शेजारी बसल्या. तिकडून कुणीतरी हाक मारली, "आप्पा, ह्यो लाल तारा कोणचा?"

"थांबा जरा," आप्पा म्हणाले. "म्या शिकायलोय."